चांगुणाबाईंची शून्यरेषा

आघातमापकात दोष नव्हता. डॉ. शर्वाणी देवस्थळी यांनी तो सकाळपासून तीनदा तपासला होता आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आले होते.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर कालच्या जाहीर सभेचा आलेख उजळला होता. त्यात दोन रेषा होत्या. निळी पठारनगरच्या जुन्या रहिवाशांची, पिवळी उतारवसाहतीतल्या लोकांची. दोन्ही गटांच्या चाळीस-चाळीस श्रोत्यांच्या मनगटांवर पट्ट्या बांधल्या होत्या. नाडीच्या ठोक्यांतले अंतर, त्वचेची विद्युतवाहकता आणि घामातले ताणसंप्रेरक मोजून पट्टी एकच आकडा देत असे, आघाताचा. तीस अंशांवर एक आडवी लाल रेघ होती. कोणत्याही एका गटाची सरासरी तिच्यावर गेली, की दिवा लाल होई आणि सभागृहातले माईक आपोआप बंद पडत. वक्ता कोण आहे हे यंत्राला ठाऊक नसे.

"अकरा वेळा," डॉ. हबीब मुजावर म्हणाला. तो शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यासक. शर्वाणीने यंत्र बांधले होते, अंशांची मोजपट्टी त्याची होती. "अजिंक्य रणनवरे अकरा वेळा 'ओले' म्हणाला. पिवळी रेषा हललीसुद्धा नाही."

"हलली," शर्वाणी म्हणाली. "नीट बघ. प्रत्येक वेळी चार अंश खाली गेली."

बारा वर्षांपूर्वी समुद्राने किनाऱ्यावरची चौदा गावे घेतली, तेव्हा तिथली माणसे भिजलेली गाठोडी घेऊन पठारावर आली आणि धरणालगतच्या उतारावर राहिली. त्या वेळी कोणीतरी त्यांना 'ओले' म्हटले. आता तो शब्द शाळेत बाक वेगळा करताना, भाड्याची खोली नाकारताना आणि दुकानात सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवताना वापरला जाई. पुढच्या आठवड्याअखेर शहराचा कौल होता. उतारवसाहतीला कायम रहिवास द्यायचा, की तिला आणखी दोनशे किलोमीटर पूर्वेला हलवायचे? कौलाआधी दोनच सभा घ्यायच्या होत्या. एक काल झाली. त्यात वसाहत हलवण्याच्या बाजूचा रणनवरे पूर्ण पंधरा मिनिटे बोलला. वसाहतीच्या बाजूने बोलणाऱ्या चांगुणाबाई नाखवांचा माईक चौथ्या मिनिटाला बंद पडला. त्यांचे शेवटचे ऐकू आलेले शब्द होते, "पोहन्याच्या शर्यतीत माझी नात पहिली आली. दुसऱ्या दिवशी…" त्या वेळी निळी रेषा सदतीसवर होती.

दार वाजवून निर्वाचन अधिकारी उपळेकर आत आले. हातात प्रमाणपत्र होते आणि चेहऱ्यावर समाधान.

"अभिनंदन, मॅडम. शब्दाची धारच गेली म्हणायची. सही केलीत की गुरुवारच्या सभेलाही हेच यंत्र."

"तुम्हाला यावरून काय दिसतं, उपळेकर?"

"हेच की त्यांना काही वाटत नाही." त्यांनी खुर्ची ओढली. "तुम्हीच तर पटवलं होतंत. आधी आपली शब्दसूची होती, चारशे बारा निषिद्ध शब्दांची. नेत्यांनी आठवड्यात तेराशे नवे शोधले. 'ओले' सूचीत घातला, तर ओला दुष्काळ जाहीर करा म्हणणाऱ्या सदस्याचा माईक बंद! ओला कचरा म्हटलं की आरोग्य खातं गप्प! तुम्ही म्हणालात, इजा शब्दात नसते, ऐकणाऱ्याच्या शरीरात असते, ती तिथे मोजा. मोजली. नाही निघाली."

"सवयीनं प्रतिसाद बोथट होतो, हे एक," हबीब म्हणाला. "पण बोथट झाला तर रेषा सपाट राहील. प्रत्येक शब्दाला ती खाली का जावी? शिवी ऐकून माणसाला बरं वाटतं, असं होतं का कधी?"

"ते तुम्ही शास्त्रज्ञ बघा. सहीचं काय?"

"बुधवारपर्यंत थांबा," शर्वाणी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई स्वतःच आल्या. साठी ओलांडलेली, ताठ पाठीची बाई. पूर्वी स्वतःची होडी होती. आता धरणातल्या पिंजऱ्यांत मासे वाढवणाऱ्या सहकारी संस्थेत त्या मुकादम होत्या.

"माझा आवाज कुनी बंद केला ते बघाया आले," त्या म्हणाल्या. "हा का तो डबा? मला वाटलं, मोठा असंल."

"यंत्रानं केला," हबीब म्हणाला. "तुम्ही वाईट बोलला नाहीत. तुमचं ऐकून शहरातल्या लोकांना लाज वाटली. आणि लाज वाटली काय, अपमान झाला काय, नाडी दोन्हींना सारखीच धावते. यंत्राला फरक कळत नाही."

"म्हंजे लाज त्यांना वाटली आनि तोंड माझं बंद? बरा हाय तुमचा डबा."

हबीब हसला, मग हसणे आवरून खाली पाहू लागला. शर्वाणीने खुर्ची पुढे केली.

"चांगुणाबाई, एक विचारते. रणनवरे 'ओले' म्हणतो तेव्हा तुम्हाला काय होतं?"

"म्हनतो तवा? काय नाय."

"काहीच नाही?"

"म्हनतो तवा नाय गो बाय. त्याच्या आधी." त्यांनी हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीला लावला. "तो उभा ऱ्हातो, खांद्यावरचं उपरनं सारखं करतो, तवाच हितं आवळतं. आता बोलंल, मग बोलंल. बोलला की सुटतं. चला, झालं एकदा. लाट बघितलीस का कदी? अंगावर येन्याच्या आधी पाय रोवायचे असतात. आल्यावर काय, भिजायचंच."

शर्वाणी पडद्याकडे वळली. तिने आलेख मागे सरकवला. शब्दाच्या आधी, भाषणाच्या आधी, थेट सभेच्या पहिल्या पाच मिनिटांपर्यंत. तिथे दोन्ही रेषा शून्यावर होत्या. त्या शून्यावर असणारच होत्या. त्या पाच मिनिटांची सरासरी हेच शून्य धरले जात होते.

"शून्य कसं घेतलं आपण?" तिने विचारले.

"नियमाप्रमाणे. शांत अवस्थेत," हबीब म्हणाला. "सभागृहात आणलं, आपल्या स्वयंसेवकांनी पट्ट्या बांधल्या, पाच मिनिटं काही न बोलता बसायला सांगितलं…" तो थांबला.

"ते गप्प होते. आपण त्यांना शांत समजलो."

चांगुणाबाई दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या. "तुमच्या त्या सभागृहात? तिथं आमी गप्पच असतो. गप्प बसल्याबिगर आत घेतात का?"

"मग शून्य पुन्हा घ्यायला हवं," शर्वाणी म्हणाली. "तुमच्या घरी."

*

सोमवारी ती चाळीस पट्ट्या घेऊन उतारवसाहतीत गेली. तिने प्रत्येकाला नाव विचारले, प्रत्येकाशी चार शब्द बोलली, स्वतःच्या हाताने पट्ट्या बांधल्या, दिलेला चहा प्यायली. परत येऊन तिने आकडे पडद्यावर मांडले. ते सभागृहातल्या आकड्यांपेक्षा जेमतेम सहा अंशांनी कमी होते. पट्ट्या हातांवर चढत गेल्या तसा आलेखही चढत गेला होता, आणि मध्येच त्यात एक टोकदार सुळका होता.

"तीन वाजून चाळीस मिनिटं," हबीबने वाचले. "काय झालं तेव्हा?"

"मी अंगणवाडीत गेले. पहिल्या आठ-दहा जणांना पट्ट्या बांधून झाल्या होत्या, ते तिथे बसले होते."

"काय बोललीस?"

"नमस्कार."

शर्वाणीला तो सुळका पुसून टाकावासा वाटला. मोजमापात मोजणाऱ्याचा हस्तक्षेप झाला, असे कारण लिहून तो वगळताही आला असता. तिने तो वगळला नाही. वहीत लिहिले: तीन चाळीस, शर्वाणी देवस्थळी यांचा प्रवेश, अकरा अंश.

मंगळवारी नारळी पौर्णिमा होती. समुद्र नसला तरी वसाहतीतली माणसे त्या दिवशी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ मिरवत नेऊन धरणाच्या पाण्यात सोडत. चांगुणाबाई म्हणत, "पानी शेवटी तिकडंच जातं." या सणाला शहरातले कोणी फिरकत नसे. शर्वाणीने आदल्या संध्याकाळीच पट्ट्या चांगुणाबाईंकडे पोहोचवल्या आणि दोनच सूचना दिल्या. पट्ट्या एकमेकांना तुम्हीच बांधा, आणि आमच्यापैकी कोणालाही येऊ देऊ नका.

बुधवारी सकाळी नवे शून्य पडद्यावर होते. सभागृहातल्या शून्यापेक्षा सव्वीस अंश खाली.

"म्हणजे त्या दिवशी ती माणसं बसली, तीच सव्वीसवर," हबीब सावकाश म्हणाला. "रणनवरे उठल्यावर आणखी चढून मर्यादेच्या वर गेली, आणि शब्द बोलून झाल्यावर चार अंश उतरली. आपण त्या उताराला बरं वाटणं समजलो. बारा वर्षांत त्यांच्या शरीरानं शिकून घेतलं, की आधीच तयार राहायचं."

"नवं शून्य धरलं तर गुरुवारी तो उठेल तेव्हाच दिवा लाल होईल. बोलण्याआधी."

"आणि नुसतं बसल्यावर? तीसमधून सव्वीस गेले. चार अंश उरतात, शर्वाणी. पुरतील?"

"पुरले पाहिजेत."

*

उपळेकरांनी नियमावली दोनदा वाचली. 'शून्य शांत अवस्थेत घ्यावे,' एवढेच तिच्यात होते. सभागृहात घ्यावे असे कुठेच नव्हते. ते अक्षराला चिकटून राहणारे गृहस्थ होते आणि या वेळी अक्षर शर्वाणीच्या बाजूचे होते. त्यांनी दोन्ही पक्षांना बोलावून घेतले.

अजिंक्य रणनवरे खिडकीपाशी उभा राहून सगळे ऐकत होता. प्रसन्न चेहऱ्याचा, आवाज न चढवणारा माणूस.

"ताई, तुम्ही शून्य खाली न्या, वर न्या, माझी हरकत नाही," तो म्हणाला. "तो शब्द मी वापरणारच नाही. 'नवागत बांधव' म्हणेन. मग तर झालं?"

"झालं की नाही ते पट्ट्या सांगतील."

"सांगू देत. फक्त त्यांच्या लोकांनी गोंधळ घातला तर नियम सतरा लावायचा. तो मीच आग्रहानं घालून घेतलाय. काय आहे हो तो, उपळेकर?"

उपळेकरांना तो पाठ होता. "'ज्या व्यक्तींच्या उपस्थितीमुळे मर्यादा ओलांडली जाईल, त्यांना सभागृहाबाहेर न्यावे व कामकाज पुढे चालवावे. अर्ध्या तासात मर्यादा पूर्ववत न झाल्यास सभा रद्द समजावी व कौल सहा महिने पुढे ढकलावा.'"

"पुढे ढकलायचा नाही हं," रणनवरे म्हणाला. "हवा आज माझ्या बाजूची आहे."

चांगुणाबाईंनी आपल्या पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या. कोणी आधी बोलायचे यासाठी त्यांनी त्या घरूनच करून आणल्या होत्या. उपळेकरांनी एक उचलली. पहिली पाळी चांगुणाबाईंची निघाली.

*

गुरुवारी चार वाजता सभागृह भरले. पहिल्या सभेत माईक बंद पडल्याची बातमी पसरली होती; ज्यांना जागा मिळाली नाही ते आवारात कर्ण्यांखाली उभे होते. सभेच्या वेळी पट्ट्यांचे संकेत मात्र सभागृहाच्या भिंतींबाहेर जात नसत. सरकारने लोकांच्या नकळत घराघरातली नाडी मोजू नये म्हणून कायद्यानेच ती अट घातली होती. आकडे दाखवणारे दोन फलक होते, एक व्यासपीठावर आणि एक बाहेर दाराच्या वर.

वसाहतीतली माणसे शेवटी आली. त्यांच्यासाठी राखलेल्या बाकांकडे ती चालत गेली, तेव्हा सभागृहातल्या माना वळल्या. कोणी काही बोलले नाही. एका बाईने मांडीवरची पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. चांगुणाबाई व्यासपीठाच्या पायरीवर पोहोचल्या, माईकपाशी गेल्या, घसा साफ केला.

दिवा लाल झाला.

पिवळा आकडा तेहतीस होता. रणनवरे अजून आलाच नव्हता.

"कोण बोललं?" उपळेकरांनी विचारले. त्यांचा माईकही बंद होता, म्हणून त्यांना ओरडावे लागले. "कोण बोललं आत्ता?"

"कोणीच नाही," शर्वाणी म्हणाली.

"मग कुणाला बाहेर काढू?"

हबीब तिच्या कानाशी वाकला. "चार अंश पुरले नाहीत. मागच्या वेळी इथंच त्यांचं तोंड बंद झालं. शरीर तेही शिकलं."

शर्वाणीला हे आधी सुचायला हवे होते. तिने आकड्याकडे पाहिले, मग बाकांवर ताठ बसलेल्या चाळीस पाठींकडे. नंतर ती उठली.

"नियम सतरा, उपळेकर. ज्यांच्या उपस्थितीमुळे मर्यादा ओलांडली, त्यांना बाहेर न्यायचं. मी निघते."

"तुम्ही? तुम्ही काय केलंत?"

"माझ्या वहीत नोंद आहे. अकरा अंश."

ती मधल्या वाटेने चालत दाराबाहेर गेली. हबीब मागोमाग निघाला. फलकावर तेहतीसचा आकडा जेमतेम थरथरला. पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ रागाने उभे राहिले.

"हा काय पोरखेळ आहे? मी तर गप्प बसलोय!"

"मीही गप्पच होते, काका," ती दारातून म्हणाली.

तेवढ्यात रणनवरे आवारात पोहोचला. त्याने लाल दिवा पाहिला, उपळेकरांकडून हकीकत ऐकली आणि घड्याळाकडे नजर टाकली. अर्ध्या तासातली अकरा मिनिटे गेली होती. सभा रद्द झाली तर कौल सहा महिने पुढे जाणार होता. त्याने दारात उभे राहून टाळी वाजवली.

"चला, चला, सगळे बाहेर या! पाच मिनिटांचा प्रश्न आहे. दिवा हिरवा झाला की आत जाऊ. चला काका, उठा. तेवढ्यात चहा घेऊ."

त्याची माणसे त्याचे ऐकत. आधी ती उठली, मग त्यांच्याकडे पाहून बाकीची. स्वयंसेवक गेले. निळ्या पट्ट्यांचे चाळीस जण भिंतींपलीकडे गेले, तसा निळा आकडा फलकावरून पुसला गेला. बत्तीस. एकतीस. उपळेकरांना सभागृह सोडता येत नव्हते. त्यांनी खुर्ची दारापर्यंत ओढली आणि नियमावली मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसले. एकोणीस. दिवा हिरवा झाला.

माणसे आत जायला वळली, तोच कर्णे खरखरले.

"ऐकू येतंय का?" चांगुणाबाईंचा आवाज आवारभर झाला. आतून चाळीस जणांचा होकार आला. "बरं. तर सांगत व्हते काय, की दुसऱ्या दिवशी नात पोहायला गेली तर तलाव रिकामा. विचारलं, पानी कुठं गेलं? तर म्हनाले, सोडून दिलं. तळ घासून धुताहेत. वर शर्यतीचा तक्ता अजून लटकत व्हता, तिचं नाव पहिलं. पोरगी मला म्हनते, आजी, मी एवढी घान व्हते का?"

आवारातली काही माणसे फाटकातून निघून गेली. बहुतेक जण तिथेच थांबले. चहाचे पेले हातात होते आणि घोट घ्यायचे राहून गेले होते. त्यांच्या नाड्या त्या वेळी काय सांगत होत्या हे मोजले जात नव्हते, म्हणून माईक चालूच राहिला. चांगुणाबाई पुढे बोलत गेल्या. वसाहतीत जन्मलेल्या सहाशे मुलांबद्दल, ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही. धरणातल्या माशांबद्दल, जे शहर रोज खाते. पूर्वेला हलवायचे तर तिथे पाणीच नाही, याबद्दल. पूर्ण पंधरा मिनिटे. त्या थांबल्या तेव्हा फलकावर सात अंश होते.

"आता माझी पाळी," रणनवरे म्हणाला.

उपळेकरांनी खुर्ची बाजूला घेतली. रणनवरेने खांद्यावरचे उपरणे सारखे केले आणि उंबऱ्यावर पाय ठेवला.

दारावरचा आकडा चौदा झाला. त्याने पुढचे पाऊल टाकले. बावीस. आणखी एक. एकोणतीस. तो थबकला आणि मागे सरकला. बावीस. त्याने मान वळवून शर्वाणीकडे पाहिले. त्याच्या आवाजातली प्रसन्नता पहिल्यांदाच उतरली होती.

"ताई, हे बरोबर नाही. मी अजून एक शब्दही बोललेलो नाही."

"हो," शर्वाणी म्हणाली. "आम्ही तेच मोजतो आहोत."